रुपयाएवढ्या स्टिकरवर अख्खं पुणं: शब्द किती तोडला तरी ओळखू येतो, ते स्क्रिप्टकडून काढून घ्या

माझी मावशी सदाशिव पेठेत राहते आणि दिवाळीत फराळाच्या ऑर्डर घेते. डबे भरणं तिचं काम, पोचवणं मावसभावाचं, आणि ‘तू कम्प्युटरवाला ना, मग लेबलं तू कर’ असं म्हणून लेबलं माझ्या गळ्यात. डब्याच्या झाकणावर ती एक गोल स्टिकर लावते, रुपयाच्या नाण्याएवढा. त्यावर भागाचं नाव यायला हवं आणि ते हातभर लांबून वाचता यायला हवं. ‘कर्वेनगर’ त्यात बसवायचं तर अक्षर मुंगीएवढं होतं. मग प्रश्न असा: नाव कमीत कमी कुठपर्यंत लिहिलं म्हणजे दुसऱ्या कुठल्या भागाशी घोटाळा होणार नाही?

हे हाताने करता येतं, दहा नावांपर्यंत. चाळीस नावं झाली आणि रोज एखादं वाढायला लागलं की स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहावी. पायथन या प्रोग्रामिंगच्या भाषेत पंचवीसेक ओळींचं काम आहे. मात्र इंटरनेटवर मिळणारी तयार उत्तरं इंग्रजी शब्द डोळ्यासमोर ठेवून लिहिलेली असतात. ती मराठी यादीवर चालवली तर कुठे पाय घसरतो, ते मी घसरूनच शिकलो. पहिल्यांदाच स्क्रिप्ट लिहिणाऱ्यांनाही जमेल असं बेतानं लिहितो.

आधी एक खुलासा. शब्दाच्या सुरुवातीच्या अशा तुकड्याला बरेच जण ‘उपसर्ग’ म्हणतात. शाळेत शिकलेले प्र, परा, अप हे उपसर्ग वेगळे, त्यांना अर्थ असतो. आपल्या तुकड्याला अर्थ असायची गरज नाही, म्हणून मी त्याला नुसतं ‘लघुरूप’ म्हणणार आहे. आणि पुण्यातली जी नेहमीची लघुरूपं आहेत (अप्पा बळवंत चौकाचं एबीसी, फर्ग्युसन रस्त्याचं एफसी, जंगली महाराजांचं जेएम) तीही यात येत नाहीत. ती आद्याक्षरं आहेत आणि ज्याला माहीत आहेत त्यालाच कळतात. आपलं लघुरूप म्हणजे नावाची सुरुवातच, जिथे दुसऱ्या सगळ्या नावांपासून फारकत होते तिथे तोडलेली. नवख्या पोऱ्यालाही यादी हातात देऊन सांगता येतं: या अक्षरांनी सुरू होणारं नाव शोध, एकच सापडेल.

यादी आधी धुऊन घ्या

ऑर्डरी लोक फोनवरून पाठवतात आणि प्रत्येकाचा कीबोर्ड वेगळा. त्यामुळे एकाच यादीत ‘कोथरूड’ही असतं आणि ‘कोथरुड’ही. आपल्याला ती एकच जागा, स्क्रिप्टला दोन. मग ती इमानेइतबारे दोघांना वेगळं करायला जाते आणि ‘कोथरू’ व ‘कोथरु’ अशी दोन लघुरूपं देते. ऱ्हस्व-दीर्घाचे असे जुळे हातानेच काढावे लागतात, त्याला इलाज नाही.

बाकीची धुलाई स्क्रिप्टवर सोपवता येते. नावाच्या मागचीपुढची मोकळी जागा काढा. नावाच्या मधली जागाही काढा. ‘कर्वेनगर’ आणि ‘कर्वे रस्ता’ दोन्ही यादीत असतील तर दुसऱ्याचं लघुरूप ‘कर्वे’ आणि पुढे एक रिकामी जागा, असं निघतं. स्क्रिप्टच्या हिशेबाने ते बरोबरच आहे, पण स्टिकरवर रिकामी जागा कुणाला दिसणार? जागा काढली की ‘कर्वेर’ मिळतं. ओंगळ आहे, पण दिसतं तरी. आणि दुबार नावं काढून टाका. नाव दोनदा असेल तर ते स्वतःपासूनच वेगळं होऊ शकत नाही.

मग मराठीची खास दुखणी. ‘ॲ’ हे अक्षर दोन तऱ्हांनी टंकता येतं: एक सलग चिन्ह म्हणून, किंवा ‘अ’ला वर चंद्र जोडून. पडद्यावर दोन्ही सारखी, आतून वेगळी, आणि युनिकोडचं (संगणकात प्रत्येक चिन्हाला क्रमांक देणाऱ्या प्रमाण पद्धतीचं) प्रमाणीकरण चालवलं तरी ती एक होत नाहीत. ती बदलाबदल आपणच सांगावी लागते. दुसरं म्हणजे ‘ऱ्य’. काही कीबोर्ड त्यासाठी थेट ‘ऱ’ वापरतात, तर काही साधा ‘र’, हलन्त आणि त्यामागे एक न दिसणारा जोडक घालतात. हे न दिसणारे जोडक यादीतून सरसकट पुसून टाकायचा मोह होतो. पुसू नका, ‘दऱ्या’चं ‘दर्या’ होईल आणि डोंगरातला माणूस समुद्रात जाईल. आधी ‘र, हलन्त, जोडक’ या तिघांच्या जागी ‘ऱ, हलन्त’ घाला आणि मग उरलेले जोडक पुसा.

फाइल वाचताना आणि लिहिताना एन्कोडिंग (अक्षरं फाइलमध्ये साठवायची पद्धत) यूटीएफ-८ आहे हे स्पष्ट लिहून द्या. विंडोजवर ते गृहीत धरलं की मराठीच्या जागी चिनीमातीचे तुकडे येतात.

अक्षर म्हणजे नक्की काय?

खरी मेख इथे आहे. पायथनला विचारा, ‘शुक्रवार’ची लांबी किती? तो सांगेल आठ. पहिलीतल्या मुलाला विचारा, तो चार सांगेल: शु, क्र, वा, र. पायथन चूक नाही. तो श, उकार, क, हलन्त, र, व, काना, र असे युनिकोडचे सुटे मणी मोजतो. पण शब्द तोडायचा तर मुलाच्या पद्धतीने तोडला पाहिजे.

मी पहिल्या वर्षी सुट्या मण्यांवरच स्क्रिप्ट चालवली. अकरा भाग होते: कसबा, कर्वेनगर, कोथरूड, खडकी, नवी, नाना, नारायण, शनिवार, शुक्रवार, सदाशिव, सोमवार. (‘पेठ’ हा शब्द सगळीकडून काढला होता. पुण्यात तो सांगावा लागत नाही.) उत्तर आलं:

कर, कस, को, ख, नव, नान, नार, शन, शु, सद, सो

गणित बिनचूक. मावशीने स्टिकर चष्म्याजवळ धरला आणि विचारलं, ‘अरे, आपण नान कधीपासून विकायला लागलो?’ नाना पेठेचा काना मधेच कापला गेला होता. ‘शन’ला वेलांटी नाही आणि ‘कर्वे’चा रफार उडून ‘कर’ भरायची नोटीस झाली होती. हेही बरं म्हणायचं. तीच स्क्रिप्ट पदार्थांच्या यादीवर चालवली, आणि त्या यादीत चकलीबरोबर चक्काही होता (तो पाडव्याला श्रीखंडासाठी जातो), तर चक्क्याचं लघुरूप निघालं ‘चक्’. पाय मोडलेला क, पुढे काही नाही.

म्हणून तोडायच्या आधी शब्दाचे अक्षरतुकडे करायचे. पायथनसोबत येणारं ‘री’ (re) मॉड्यूल ते करत नाही. ‘रेजेक्स’ (regex) नावाचं वेगळं मॉड्यूल पिपने (pip, पायथनची मॉड्यूलं बसवायची कमांड) बसवून घ्या. त्यात उलटी तिरकी रेघ आणि कॅपिटल एक्स असा नमुना दिला की मजकूर वाचकाला दिसणाऱ्या अक्षरांत तुटतो. जावास्क्रिप्टवाल्यांना ब्राउझरमध्येच ‘इंटल सेगमेंटर’ (Intl.Segmenter) मिळतो.

इथे एक मेख आणखी. जोडाक्षर हे एकच अक्षर धरायचं, हा देवनागरीसाठीचा नियम युनिकोडच्या प्रमाण तोडणीत १५.१ या आवृत्तीत, म्हणजे २०२३ मध्ये आला. त्याआधीच्या नियमावर चालणारी साधनं ‘क्र’चे ‘क्’ आणि ‘र’ असे दोन तुकडे करतात. तुमच्याकडचं साधन कुठल्या काळातलं आहे, हे ओळखायला ‘शुक्रवार’ तोडून पाहा. चार तुकडे आले तर उत्तम. पाच आले तर स्वतः शिवणकाम करा: जो तुकडा हलन्तावर संपतो, त्याला पुढचा तुकडा जोडून टाका. तीन ओळींचं काम आहे. मी तर नेहमीच करतो, जोडायला काही नसेल तर बिघडत काहीच नाही.

शेजाऱ्यांकडे बघा, बाकी गावाशी घेणंदेणं नाही

आता मूळ युक्ती. प्रत्येक नाव बाकी सगळ्या नावांशी ताडून पाहायची गरज नाही. यादी क्रमाने लावली की सारखी सुरुवात असलेले शब्द शब्दकोशातल्यासारखे एकमेकांना खेटून बसतात. ‘नाना’शी सगळ्यात जास्त साम्य असलेला शब्द त्याच्या लगेच वर असेल किंवा लगेच खाली. त्यामुळे प्रत्येक नावाने फक्त वरच्या आणि खालच्या शेजाऱ्याकडे पाहायचं, कुणाशी जास्त अक्षरं जुळतात ते मोजायचं आणि त्याच्यापुढे एक अक्षर घ्यायचं.

अट एकच: क्रम लावायचा तो अक्षरतुकड्यांच्या यादीवरून, आणि तुलना करायची तीही त्याच तुकड्यांची. क्रम एका मापाने आणि तुलना दुसऱ्या मापाने केली की कधीतरी, नेमक्या घाईच्या दिवशी, जवळचा नातेवाईक दोन घरं पलीकडे जाऊन बसतो आणि स्क्रिप्टला दिसत नाही.

स्क्रिप्टचा सांगाडा मराठीतच लिहितो. पायथनमध्ये टंकताना ओळीला ओळ जुळते:

सामाईक(अ, ब):
  मोज = ०
  अ आणि ब चे तुकडे जोडीजोडीने घ्या:
    वेगळे निघाले तर थांबा
    नाहीतर मोज मध्ये १ मिळवा
  मोज परत द्या

नावे = प्रत्येक धुतलेल्या नावाचे तुकडे, क्रमाने लावून
प्रत्येक नावासाठी:
  वर = सामाईक(नाव, वरचा शेजारी), शेजारी नसेल तर ०
  खाली = सामाईक(नाव, खालचा शेजारी), शेजारी नसेल तर ०
  हवे = वर आणि खाली यांतला मोठा + १
  हवे हे नावाच्या लांबीपेक्षा मोठे असेल तर:
    लघुरूप = पूर्ण नाव + ‘।’
  नाहीतर:
    लघुरूप = पहिले (हवे आणि २ यांतला मोठा) इतके तुकडे

पायथनमध्ये पहिल्या नावाचा ‘वरचा शेजारी’ मागताना जपा. उणे एक हा क्रमांक दिला की पायथन तक्रार न करता यादीतलं शेवटचं नाव काढून देतो.

आतला ‘२’ मी मागाहून घातला. तो नसेल तर अक्षरतुकड्यांवरचं उत्तर असं येतं: कसब्याला ‘कस’, कर्वेनगरला ‘कर्वे’, कोथरूडला ‘को’, खडकीला ‘ख’, नव्या पेठेला नुसता ‘न’, शनिवारला ‘श’, शुक्रवारला ‘शु’, सदाशिवला ‘स’, सोमवारला ‘सो’. ‘न’ आणि ‘ना’ ही दोन वेगळी अक्षरं, त्यामुळे स्क्रिप्टला यात वावगं काही दिसत नाही. पण मार्करने लिहिलेल्या ‘श’ला खाली उकार आहे की शाई ओघळली आहे, हे मावसभावाने स्कूटरवर बसल्या बसल्या कसं ठरवायचं? म्हणून किमान दोन अक्षरं. आणि दोनची अट घालताच हे बाहेर पडलं:

कर्वे, कस, कोथ, खड, नवी, नाना, नारा, शनि, शुक्र, सदा, सोम

हे पाहून मी उठून चहा करून घेतला. स्क्रिप्टने आपण होऊन वारांचे ग्रह काढून दिले होते. अशी लघुरूपं कुणाला समजावून सांगावी लागत नाहीत.

सगळ्यात आखूड तेच सगळ्यात चांगलं, असा हट्ट धरू नका. स्टिकरवर तीन अक्षरं बसत असतील तर तीन घ्या.

एका नावाच्या पोटात दुसरं नाव

वरच्या सांगाड्यात दंड, म्हणजे ‘।’ ही उभी रेघ, कशाला घातला? समजा ‘नाना’बरोबर यादीत ‘नानावाडा’ही आला. ‘नाना’ची दोन्ही अक्षरं नानावाड्यात आहेत आणि तिसरं अक्षर नानाकडे नाहीच. अशा शब्दाला वेगळं पाडणारी सुरुवात असूच शकत नाही. पुष्कळ तयार स्क्रिप्टा इथे गप्पपणे पूर्ण शब्द देऊन मोकळ्या होतात आणि मग ‘नाना’ हे लघुरूप दोघांना लागू पडतं. मी शब्द संपल्याची खूण म्हणून दंड लावतो: ‘नाना।’ आणि ‘नानावा’. टंकून शोधायचं असेल तर दंडाऐवजी दुसरा नियम चालतो, की पूर्ण जुळणारं नाव सापडलं तर तेच खरं. लिनक्स या संगणकप्रणालीतल्या बऱ्याच कमांडांना दोन आडव्या रेघांचे लांबलचक पर्याय अर्धेच टंकले तरी त्या ओळखतात, तिथेही हाच नियम आहे. पूर्ण जुळलं तर प्रश्न मिटला, नाहीतर अर्धवट जुळणारा पर्याय एकच असायला हवा.

यादी वाढते, तेव्हा

आता मावशीने अजून माफ न केलेली गोष्ट. धनत्रयोदशीच्या आदल्या रात्री मी स्टिकर छापले. खडकीचे दोन डबे होते, त्यांवर ‘खड’. सकाळी खडकवासल्याची एक ऑर्डर आली. मी नाव यादीत घातलं, स्क्रिप्ट पुन्हा चालवली आणि नवा तक्ता मावसभावाला पाठवला. नव्या तक्त्यात खडकी झालं होतं ‘खडकी’ आणि खडकवासला झालं होतं ‘खडक’. ‘खड’ तक्त्यात उरलंच नव्हतं, पण दोन डब्यांवर ते चिकटलेलं होतं. त्याने अंदाज केला आणि खडकीचे अनारसे सिंहगड रस्त्याने धरणाच्या दिशेने निघाले. दुपारी त्याचा फोन: ‘दादा, इथे या नावाचं कुणी नाही.’ खडकी शहराच्या पार दुसऱ्या टोकाला.

चूक स्क्रिप्टची नव्हती. लघुरूप हे शब्दाचं नसतंच, ते यादीचं असतं. यादीत एक नाव वाढलं की शेजाऱ्याचं लघुरूप रात्रीतून बदलतं, आणि छापलेला कागद काही बदलत नाही. हे मला कुणीतरी आधी सांगायला हवं होतं, म्हणून इथे जरा लांबण लावतो.

यावर उपाय तीन, परिस्थिती पाहून निवडा. यादी कायमची ठरलेली असेल तर काळजीच नाही. बिटकॉइनच्या पाकिटांचे परवलीचे शब्द ज्या २०४८ इंग्रजी शब्दांच्या यादीतून येतात, ती मुळात अशी निवडली आहे की पहिल्या चार अक्षरांवरून शब्द ओळखावा. यादी वाढती असेल तर थोडी ढील ठेवा. प्रोग्रामर कोडमधल्या बदलांची नोंद ठेवायला वापरतात त्या गिटमध्ये प्रत्येक नोंदीला चाळीस अंकाक्षरांचं नाव असतं आणि पूर्वी ठोकळमानाने पहिली सात दाखवली जायची. प्रकल्प मोठे झाले तशी सात पुरेनाशी झाली, तेव्हा २.११ या आवृत्तीपासून गिट प्रकल्पाचा आकार पाहून लांबी ठरवू लागलं. लिनक्सच्या गाभ्यावर काम करणारे तर किमान बारा लिहा असं सांगतात, कारण आज लिहिलेलं लघुरूप दहा वर्षांनीही एकाच नोंदीकडे बोट दाखवायला हवं.

मी तिसरा उपाय करतो: एकदा दिलेलं लघुरूप फाइलमध्ये गोठवतो. स्क्रिप्ट सुरू झाली की आधी जुनी फाइल वाचते आणि त्यातल्या जोड्यांना हात लावत नाही. नव्या नावाला लघुरूप देताना ते जुन्या कुठल्याही लघुरूपाची सुरुवात नाही आणि जुनं लघुरूप त्याची सुरुवात नाही, हे पाहते. जमत नसेल तर थांबते आणि मला विचारते. खडकवासल्याच्या वेळी ती थांबली असती, कारण ‘खड’ने दोन्ही नावं सुरू होतात. मग मी ‘वासला’ असं हाताने ठरवलं असतं आणि सगळं सुरळीत झालं असतं. तसंही ‘खडकी’ आणि ‘खडक’ या जोडीत फरक फक्त एका वेलांटीचा, आणि नुसतं ‘खडक’ म्हटलं तर पेठेतल्या माणसाला खडकमाळ आळीच आठवणार. दोन लघुरूपांत फक्त काना-मात्रेचा फरक असेल तर स्क्रिप्टकडून इशारा छापून घ्या आणि तिथे एक अक्षर वाढवा.

हे कुठे चालत नाही

सगळ्यांची तोंडं सारखी असतील तिथे. पुण्यातले पिनकोड घ्या: सदाशिव पेठ ४११०३०, कोथरूड ४११०३८. पिनकोड १९७२ मध्ये आला तोच डावीकडून उजवीकडे बारीक होत जाणारा, आधी विभाग, मग पुढचे टप्पे, शेवटी पोस्ट ऑफिस. त्यामुळे शहरातल्या शहरात पहिले चार आकडे काहीच सांगत नाहीत, फरक पडतो तो शेपटीला. जुने पुणेकर पत्त्यात नुसतं ‘पुणे ३०’ लिहितात ते उगाच नाही. अशी यादी आली तर प्रत्येक शब्द उलटा करा, तीच स्क्रिप्ट चालवा आणि उत्तर पुन्हा उलटं करा. मराठी शब्द उलटा करायचा तर तोही अक्षरतुकड्यांत तोडूनच, नाहीतर वेलांट्या भलत्या अक्षरांवर जाऊन बसतात.

छापण्याआधी

प्रत्येक लघुरूप घ्या आणि त्याने सुरू होणारी नावं यादीत किती आहेत ते मोजा. एक आलं पाहिजे. शून्य आलं तर धुलाईत काहीतरी गडबड आहे, दोन आली तर तुलनेत. दंड लावलेली लघुरूपं तपासताना प्रत्येक नावाच्या शेवटीही दंड जोडा.

ही मोजणी करताना शब्दाची सुरुवात तपासणारं पायथनचं ‘स्टार्ट्सविथ’ (startswith) वापरू नका. ते सुटे मणी जुळवतं. ‘न’ या लघुरूपाने नवी, नाना आणि नारायण तिन्ही सापडतील आणि तुम्ही बरोबर चाललेली स्क्रिप्ट दुरुस्त करत बसाल. मी बसलो होतो, रात्री दीडपर्यंत. लघुरूपाचेही तुकडे करा आणि तुकड्याला तुकडा जुळवा.

मग एक स्टिकर छापा, झाकणावर लावा आणि जो डबे पोचवणार आहे त्याला हातभर लांबून दाखवा. त्याने पेठेचं नाव न अडखळता सांगितलं तर बाकीचे छापा.